वाड्याचं कुत्रं

दसरा झाला की माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला या भागांतले धनगर मेंढरं घेऊन घर सोडतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी नीरा-भीमेच्या काठाने बागायती पट्ट्यात शिरतं, पारनेरकडची मंडळी जुन्नरच्या बाजूने पार कल्याण-भिवंडीपर्यंत पोचतात. पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. मधले सगळे महिने उघड्यावर. हा प्रवास रस्त्यात तुम्हालाही कधीतरी आडवा गेला असेल. पुढे घोडी, घोड्यांच्या पाठीवर पाल, जाळ्या, भांडीकुंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं. मागे मेंढरांचा लोंढा आणि खांद्यावर काठी आडवी टाकून चालणारा मेंढपाळ. गाडी थांबवून आपण मेंढरं बघतो, मुंडासं बघतो, घोड्यावर बसवलेलं मूल बघतो. कळपाच्या कडेने चालणाऱ्या कुत्र्याकडे मात्र नजर जात नाही. त्याला साखळी नसते, जात सांगावी असं रूप नसतं. रस्त्यावरचंच कुठलंतरी सोबत लागलं असेल, असं वाटून आपण पुढे जातो.

ते कुत्रं भटकं नाही. वाड्याचं आहे. धनगरांच्या फिरत्या बिऱ्हाडांचा मिळून जो तळ पडतो त्याला वाडा म्हणतात, आणि त्या वाड्यात माणसं, मेंढरं, घोडी यांच्याइतकीच कुत्र्याची जागा ठरलेली असते. आजवर मी अनेक कुत्री जवळून पाहिली, घरातही पाळली. माणसाशी सर्वांत घट्ट, सर्वांत स्वाभाविक नातं मला या कुत्र्यांत दिसलं. त्याचं कारण त्यांच्या रक्तात शोधण्यापेक्षा त्यांच्या दिवसात शोधावं असं मला वाटतं, म्हणून आधी तो दिवसच सांगतो.

तांबडं फुटायच्या आधी बाई उठते. तीन दगडांची चूल पेटते. रात्रभर जागलेलं कुत्रं तेव्हा कुठे चुलीच्या उबेला अंगाचं मुटकुळं करून झोपतं. भाकऱ्या थापल्या जातात त्यांत कुत्र्यांच्या भाकऱ्या आधीच धरलेल्या असतात. उरलंसुरलं द्यायची रीत इथे नाही. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी चुरून तिच्यावर थोडं दूध, दूध नसेल तेव्हा ताक किंवा नुसतं कालवणाचं पाणी. एवढ्यावर हे जनावर दिवसाची चाल आणि रात्रीची राखण करतं.

मांसाहारी प्राण्याला भाकरी कशी पुरते, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अक्सेलसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. पिठूळ अन्न पचवणारं एक पाचकद्रव्य शरीरात बनतं, त्याच्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात. कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या चुलीपाशी बसलेल्या प्राण्याचं पोट पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलं. माणदेशातली बाई कुत्र्यापुढे भाकरी टाकते तेव्हा त्यामागे हजारो वर्षांचा एकत्र संसार असतो. संत नामदेवांची सांगतात ती कथाही भाकरीचीच आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही कथा ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीला नवल वाटत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

उजाडलं की वाघर सुटते. वाघर म्हणजे मेंढरांना रात्री कोंडायची दोऱ्यांची जाळी. पुरुष मेंढरं घेऊन चरणीला निघतात, बायका बिऱ्हाड आवरून घोड्यांवर लादतात आणि पुढच्या मुक्कामाकडे चालू लागतात. कुत्र्यांचीही वाटणी होते. काही कळपाबरोबर, काही बिऱ्हाडाबरोबर. ही वाटणी कुणी हुकूम देऊन करत नाही. म्हातारं कुत्रं बहुधा बायकांच्या आणि कोकरांच्या सोबत राहतं, तरणं मेंढरांमागे जातं. वाटेत नव्या गावची कुत्री अंगावर येतात. तेव्हा वाड्याची कुत्री भांडण वाढवत नाहीत, मेंढरांच्या आणि त्यांच्या मधे उभी राहतात आणि कळप पुढे सरकला की निघतात.

चित्रपटात आपण स्कॉटलंडकडची मेंढपाळी कुत्री पाहिलेली असतात. शिटीवर धावणारी, मेंढरं वळवून फाटकात घालणारी. आपल्या दख्खनचं कुत्रं ते काम करत नाही. मेंढरं वळवायला मेंढपाळाची हाळी पुरते. कुत्र्याचं काम एकच: सोबत राहणं आणि राखण करणं. वरवर पाहता हे काहीच न करण्यासारखं दिसतं, पण त्यासाठी कुत्र्याला मेंढरू आपलं वाटावं लागतं, आणि हे आपलेपण लहानपणीच रुजवावं लागतं.

वाड्यात ते कसं रुजतं हे पाहण्यासारखं आहे. कुत्री वाटेत व्याली तर जी पिल्लं ठेवायची ती कोकरांबरोबरच घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्यात बसून प्रवास करतात. मुक्कामाला उतरवली की कोकरांतच झोपतात. कोकरू त्यांच्या अंगावर चढतं, ती कोकराचे कान चाटतात. पोरं दोघांनाही सारखीच उचलून फिरवतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात असतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. पुढे रेमंड कॉपिंजर यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये कळप राखणाऱ्या कुत्र्यांवर काम केलं, तेव्हाही मुख्य गोष्ट हीच ठरली: पिल्लाला मेंढरांत वाढवा. धनगराने हे ग्रंथ वाचलेले नाहीत. त्याच्याकडे पिल्लाला ठेवायला दुसरी जागा नाही एवढंच, आणि त्या एकाच बोचक्यात सगळं शिक्षण होऊन जातं.

नावं साधी. मोत्या, वाघ्या, काळू, टिप्या, राणी. बोलावणं त्याहून साधं. अंधारात ‘यू यू’ असं दोनदा म्हटलं की पुरे. लाड जवळजवळ नाहीतच. मांडीवर घेणं नाही, मुके घेणं नाही. संध्याकाळी जाळाभोवती माणसं जेवायला बसतात तेव्हा कुत्रं थोडं लांब, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडलेलं असतं आणि धन्याच्या तोंडाकडे बघत असतं. धनीही अधूनमधून त्याच्याकडे बघतो. जपानच्या अझाबू विद्यापीठात २०१५ साली नेमकं हेच बघणं तपासलं गेलं. कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात जे वाढतं तेच. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांत हे घडलं नाही. लांडगा माणसाच्या डोळ्यांत फारसा बघतच नाही.

रात्र हा कुत्र्याचा खरा दिवस. मेंढरं वाघरीत, माणसं घोंगडीवर, आणि कुत्री तळाच्या चारी अंगांना. झोपलेल्या मेंढपाळाला कुत्र्याचा आवाज कुठल्या बाजूने आला, कुठल्या कुत्र्याचा आला आणि कशासाठी आला हे उठून न बसता कळतं. कोल्ह्यावरचं भुंकणं सैल असतं, मधेमधे थांबणारं. अनोळखी माणसावरचं सलग. लांडगा आला की आवाज खाली उतरतो, घशातून येतो, आणि मेंढपाळ काठी घेऊन उभा राहतो. लांडगे जोडीने येतात, एक कुत्र्यांना लांब ओढतो आणि दुसरा कळपात शिरतो, असं मेंढपाळ सांगतात. मुरलेलं कुत्रं म्हणूनच फार लांब पाठलाग करत नाही. थोडं धावतं, परत येतं. त्याची जागा वाघरीपाशी आहे हे त्याला ठाऊक असतं.

बिबट्याची गोष्ट वेगळी. लांडग्यापुढे कुत्रं उभं राहतं, बिबट्यापुढे त्याचं काही चालत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात तळ टाकणाऱ्या वाड्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बिबट्या गळा धरतो, म्हणून काही ठिकाणी कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोकं काढलेला खिळ्यांचा पट्टा बांधतात. त्याने काही वाचतात. सगळी वाचत नाहीत. सकाळी एक कुत्रं कमी असतं. बाई भाकऱ्या थापायला बसते आणि त्या दिवशी वाड्यात बोलणं कमी होतं.

या कुत्र्याचं आयुष्य मला गोड करून सांगायचं नाही. महामार्ग ओलांडताना कुत्री ट्रकखाली जातात. पिल्लं सगळीच जगवता येत नाहीत, सगळीच नेता येत नाहीत. गोचिडी, खरूज, भर उन्हात पायाला बसणारे चटके हे रोजचं आहे. तरीही त्याच्या वाट्याला एक गोष्ट पुरेपूर येते: ते कधी एकटं नसतं, आणि बिनकामाचं नसतं.

धनगरांचा देव या नात्याची खूण बाळगून आहे. खंडोबा घोड्यावर असतो आणि घोड्याजवळ कुत्रं असतं. त्याची दुसरी बायको बाणाई धनगराची, आणि तिच्यासाठी देवाने मेंढरं राखली, चाकरी केली, असं धनगरांची गाणी सांगतात. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यालाही घास जातो. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर आयुष्यातली कितीतरी वर्षं धनगरांच्या वाड्यांवर, यात्रांत, बिरोबा-म्हस्कोबाच्या ठाण्यांवर फिरले; त्यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि या देवांचा इतिहास मांडला. त्यांचं लेखन वाचताना कळतं की घोडा, कुत्रा, मेंढरू हे या दैवताच्या भोवतीची सजावट नाहीत. ज्या जगात हा देव जन्मला त्या जगाची ती माणसंच आहेत.

आणि कुत्र्याच्या नावाने उभी केलेली एक शिळाही आहे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचा वाद मी इथे आणत नाही. ही शिळा वादाच्या पलीकडची आहे, कारण तिच्यावरचा लेख त्या घटनेच्याच काळातला आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आटकूर नावाचं गाव आहे. दहाव्या शतकात मराठी मुलुखापासून म्हैसूरपर्यंत राष्ट्रकूटांचा अंमल होता. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. बूतुगाच्या पदरी मणलरत नावाचा वीर होता. त्याच्या पराक्रमावर राजा खूश झाला आणि म्हणाला, हवं ते माग. गाव मागता आलं असतं, जमीन मागता आली असती. त्याने राजाचा काळी नावाचा कुत्रा मागितला. पुढे एका टेकडीवर तो कुत्रा मोठ्या रानडुकरावर सोडला गेला, आणि कुत्रा आणि डुक्कर दोघेही एकमेकांना मारून पडले. मणलरताने चल्लेश्वराच्या देवळासमोर त्या कुत्र्याच्या नावाने दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने पूजा न करता जेवू नये अशी अटही कोरून ठेवली. सन ९४९-५० च्या सुमाराची ही शिळा आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तिच्यावर कुत्रा आणि डुक्कर समोरासमोर झुंजताना कोरले आहेत. दक्षिणेच्या इतिहासातली एक मोठी लढाई आपल्याला ज्या लेखांतून कळते त्यांतला हा एक, आणि तो कोरला गेला तो एका कुत्र्यासाठी.

आता शहरात येतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी कुत्रं असेल, आणि ते वाड्यावर नसून तिसऱ्या किंवा अकराव्या मजल्यावर असेल. माझ्याही घरी आहे. त्याला जेवण वेळेवर मिळतं, डॉक्टर आहे, पावसात डोक्यावर छप्पर आहे. वाड्याच्या कुत्र्याला यातलं फारसं काही नाही. पण आपण सकाळी दार ओढून घेतो तेव्हापासून संध्याकाळी कुलपात किल्ली फिरेपर्यंत त्याच्या दिवसात काहीही घडत नाही. ते वाट बघतं. त्यालाच आपण निष्ठा म्हणतो आणि भारावून जातो. मला हे भारावणं आता पटत नाही. कळपापाशी पहारा देणाऱ्या कुत्र्याची निष्ठा आणि बंद दारामागे बसलेल्या कुत्र्याची निष्ठा या एकाच मनातून येतात. फरक एवढाच की पहिल्याला आपण आपल्या दिवसात घेतलं आहे आणि दुसऱ्याला घेतलेलं नाही.

घेता येतं. त्यासाठी मेंढरं लागत नाहीत. दूध आणायला जाताना त्याला न्यावं, भाजी आणायला न्यावं. फिरायला नेणं म्हणजे शी-शू उरकून दहा मिनिटांत परत येणं नव्हे. कुत्रं जग हुंगून वाचतं. खांबापाशी, झाडाच्या बुंध्यापाशी ते थांबतं तेव्हा पट्टा ओढू नये. घरात भाकरीचे तुकडे चार कोपऱ्यांत लपवून शोधायला सांगावं, त्यात त्याचं डोकं आणि नाक दोन्ही कामाला लागतात. माझ्या पाहण्यात शहरातली सर्वांत समाधानी कुत्री निवृत्त आजोबांकडची आहेत. आजोबांना वेळ असतो, कुत्र्याला वेळ असतो, आणि दोघांचा दिवस एकमेकांत गुंतलेला असतो. दिवाळीच्या रात्री मात्र कामधाम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावं. आपल्या दुपटीहून उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येतात. खिडक्या लावाव्यात, आतल्या खोलीत न्यावं, आणि घरातलं एक माणूस त्याच्यापाशी राहावं.

जातीच्या नादाबद्दलही बोललं पाहिजे. सैबेरियातला बर्फ सोसण्यासाठी दुहेरी केसांचं अंग घेऊन आलेलं हस्की पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात आणून ठेवणं हा त्या जनावराचा छळ आहे. आपल्याच पट्ट्यात कारवान आहे, शेजारी मुधोळ आहे. मुधोळ, राजपालयम आणि चिप्पीपराई या जातींची राष्ट्रीय पातळीवर अधिकृत नोंद २०२० साली झाली. आणि यांतलं काहीही नको असेल तर गावठी पिल्लू आहे, जे इथल्या हवेला, इथल्या भाकरीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेलं आहे.

वाड्याच्या कुत्र्याकडे परत जायला हवं, कारण त्याची एक गरज आपण भागवू शकतो आणि ती भागत नाही. त्याला लस मिळत नाही. दवाखाना तालुक्याचा, आणि वाडा दर दोन-चार दिवसांनी शिवार बदलणारा. परिणाम दोन होतात. पहिला माणसांवर. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पिसाळलेलं जनावर वाड्यावर चालून आलं तर आधी चावा बसतो तो राखणीच्या कुत्र्याला, आणि मग पोरं त्याच्याशी खेळतात. दुसरा परिणाम माळरानावर. पुणे, सोलापूर, सातारा भागातल्या गवताळ माळांवर उरलेले थोडे लांडगे आणि गावोगावची कुत्री एकाच वाटांनी फिरतात, एकाच पाणवठ्यावर पितात. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग जंगली प्राण्यांना कसा मारतो हे गीरने २०१८ साली पाहिलं. तिथे काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींत हा विषाणू सापडला. पुणे परिसरात कुत्रा आणि लांडगा यांचा संकरही जनुकीय तपासणीतून सिद्ध झाला आहे. सांभाळ नसलेली कुत्री वाढली की हेही वाढणार. वाड्याच्या कुत्र्याला लस आणि जिची पिल्लं सांभाळणं शक्य नाही अशा कुत्रीची नसबंदी, एवढ्याने मेंढपाळ, त्याचं कुत्रं आणि लांडगा, तिघांचंही भलं होईल.

दिवाळीनंतर वाडे तुमच्या शिवारात येतील. खत मिळावं म्हणून शेतकरी त्यांना शेतात मेंढरं बसवायला बोलावतात, धान्य देतात, पैसे देतात. या वेळी आणखी एक करा. वाड्यात किती कुत्री आहेत ते विचारा आणि गावच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकांना कळवा. रेबीजची लस तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला, आणि मिळाली तर डिस्टेंपरचीही. लस थंड पेटीतून आणावी लागते, तेव्हा डॉक्टरांना गाडीची सोय लागेल. ती गावातलं कुणीही करू शकतं. लस टोचल्याची तारीख कागदावर लिहून तो कागद वाड्यातल्या बाईच्या हाती द्या, पुढच्या गावी तो उपयोगी पडेल. कुत्रं चावलंच कुणाला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. वाडा एका शिवारात फार राहत नाही, म्हणून निरोप पहिल्याच संध्याकाळी पाठवा.